हल्ली म्हणजे कधीपासून?

आमच्या बाईंसमोर 'हल्ली' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. तुम्ही सहज बोलून जाल, "हल्ली काय पूर्वीसारखा पाऊस पडत नाही बुवा," आणि बाई जिथे असतील तिथे थांबतील. हातातली छत्री जमिनीवर टेकवतील, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर चढवतील आणि विचारतील, "हल्ली म्हणजे कधीपासून?" मग सुटका नाही. समोर भाजीवाला असो, मुख्याध्यापक असोत, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणाचा तरी मामा असो. मामा बिचारा काहीतरी बोलायचं म्हणून बोललेला. त्याला काय ठाऊक, की याचं उत्तर दिल्याशिवाय आता त्याच्या घशाखाली जिलबी उतरणार नाही!

"गेल्या वर्षापासून? लहानपणापासून? की सकाळपासून?" बाई विचारायच्या. मामा म्हणायचा, "असंच हो, दोन-चार वर्षं." की बाई खूश. "दोन-चार वर्षांना हवामान म्हणत नाहीत. त्याला म्हणतात समुद्राची लहर. जेवा आता."

बाई भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. विरारच्या एका मराठी शाळेत आम्ही बरीच वर्षं एकाच स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. मी मूळची देशावरची, लग्न करून इकडे आलेली. बाई इथल्याच, बोळिंजच्या जुन्या वाडीवाल्या घरातल्या. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि बाकीच्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी त्यांना कर्कवृत्त कुठून जातं ते विचारलं. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, पण राग आला की घरची बोली वर यायची आणि 'पाणी'चं 'पानी' व्हायचं. बाईंच्या वर्गातून 'पानी' ऐकू आलं की शेजारच्या वर्गातली माझी पोरंसुद्धा आपोआप गप्प बसायची. मला त्याचा फार उपयोग व्हायचा.

नकाशाचा किस्सा तर शाळेत अजून सांगतात. शाळेने जगाचा नवा नकाशा आणला होता, चांगला कापडी, वर-खाली दांडी असलेला. बाईंनी तो आल्या आल्या टेबलावर पसरला, शिवणाची कात्री घेतली आणि अटलांटिक महासागरातून वरपासून खालपर्यंत कापला. मग डावा तुकडा उचलून उजवीकडे चिकटवला. आता नकाशाच्या मधोमध नुसतं निळं पाणी, प्रशांत महासागर, आणि सगळे देश कडेला. मुख्याध्यापक धावत आले. "अहो बाई, ही शाळेची मालमत्ता आहे! आणि हे काय, भारत कडेला?"

"भारत कडेलाच आहे," बाई म्हणाल्या. "मध्ये पाणी आहे. या पाण्याला ताप भरला की विरारला पाऊस पडेल का नाही ते ठरतं. मुलांना ज्याच्यामुळे सगळं होतं ते पाणी दोन अर्धे करून दोन टोकांना दाखवायचं, आणि मग म्हणायचं भूगोल कळत नाही!"

मुख्याध्यापकांनी मेमो काढला. बाईंनी मेमो वाचला, शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिला आणि नकाशा भिंतीवर टांगला. त्या निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरांना आजही जगाचा नेहमीचा नकाशा चुकीचा वाटतो.

त्या नकाशावर पोरांना एकच देश पक्का पाठ होता, तो म्हणजे पेरू. दक्षिण अमेरिकेचा तो किनारा, तिथलं थंड पाणी, काही वर्षांनी ते तापतं, तिथल्या कोळ्यांना नाताळच्या सुमाराला ते जाणवलं म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, एल निनो. हे सगळं बाई अशा सांगायच्या, की जणू पेरू म्हणजे अर्नाळ्याच्या पलीकडचं गाव. आणि प्रत्येक परीक्षेत तोच प्रश्न: पेरूच्या किनाऱ्याला पाणी तापलं की आपल्याकडे काय होतं? उत्तर: पाऊस बहुतेक वेळा आखडतो. यातला 'बहुतेक वेळा' राहिला की अर्धा मार्क गेला. रडून काही उपयोग नाही. पालक भांडायला यायचे, "टीचर, पोराला येत होतं हो सगळं, दोन शब्दांसाठी कशाला कापता?"

"त्या दोन शब्दांतच सगळी अक्कल आहे," बाई म्हणायच्या. "ते गाळलेत तर तुमचा पोरगा ज्योतिषी होईल. मला भूगोल शिकवायचाय."

त्यांची आणखी एक खोड. कुठलंही साठलेलं पाणी दिसलं की त्यात कोपर बुडवायचं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. विहिरीवर, सहलीला गेलो की धरणाच्या काठी, आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तर हमखास. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात कॅनव्हासचे बूट तसेच ठेवून लाटेत उभ्या राहायच्या आणि वाकून कोपर बुडवायच्या. मासळी निवडत बसलेल्या कोळिणी हसून लोटपोट. त्यातली एक, पुढे आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी घेऊन यायची ती, लांबून ओरडायची, "काय गो बाय, आला काय ताप आमच्या दर्याला? औशीद देऊ?"

"तुझ्या दर्याचं काही नाही गो," बाई ओरडून सांगायच्या, "त्याचा मोठा भाऊ तिकडे आजारी आहे!"

"मग भावाला सांग, यंदा मावरं जरा जास्त धाड!"

दोघी खदखदा हसायच्या. मी लाजून दुसरीकडे बघायचे. काय करणार, सोबत वर्गातली पोरं असायची.

आता बावखलाबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं आयुष्य शेवटी त्या एका खड्ड्यापाशी येऊन थांबलं. वसईकडच्या जुन्या वाड्यांमधून बावखल असतं. बावखल म्हणजे माणसांनी खणलेलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी वरून दाबून बसलेलं असलं की खालचं खारं पाणी वर चढत नाही. बावखल बुजवलं की काही वर्षांत विहिरीचा चहा खारट लागायला लागतो. बाईंच्या भावांनी वाडी बिल्डरला दिली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. बाईंनी आपल्या वाट्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला, तो या एका बोलीवर, की मागच्या कोपऱ्यातल्या बावखलाला कुणी हात लावायचा नाही. बिल्डर हो म्हणाला. बिल्डरचं हो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सोसायटी झाली, बिल्डर गेला, बावखल सोसायटीचं झालं. मी आणि माझ्या मिस्टरांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, तेही बाईंनीच मागे लागून घ्यायला लावलं.

निवृत्त झाल्यावर बाईंना वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप धरला. दर सोमवारी सकाळी, गुलाबाच्या गुड मॉर्निंगच्या मधोमध, बाईंचा समुद्राच्या तापमानाचा लाल-निळा नकाशा यायचा. खाली दोन ओळी: प्रशांत तापतोय. पाणी जपून वापरा. कुणी विचारायचं, "आज टँकर किती वाजता?" त्याखाली पुन्हा बाईंचा नकाशा. चेअरमननी एकदा विनंती केली, "टीचर, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी ठेवूया." बाईंनी उत्तर टाकलं, "टँकर का लागतो ते सोसायटीचंच काम आहे."

एका वर्षी मात्र बाई सपशेल तोंडावर पडल्या. नकाशावर समुद्र लालबुंद होता, बाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं, यंदा पाऊस आखडणार, पिंपं भरून ठेवा. लोकांनी ठेवली. आणि पाऊस असा काही कोसळला, की बोळिंजच्या रस्त्यावर रिक्षा बंद पडल्या आणि भरून ठेवलेली पिंपं गच्चीवर पावसानेच वाहायला लागली. ग्रुपवर नुसता धिंगाणा. कुणी छत्रीचं चित्र टाकलं, कुणी पोपटवाल्या ज्योतिष्याचं. मला वाटलं, बाई आता आठवडाभर घराबाहेर पडत नाहीत. मी खाली गेले तर बाई झोपाळ्यावर, डोळे लकाकतायत, दाराशी कंदी पेढ्यांचा बॉक्स.

"चुकले गं!" त्या म्हणाल्या. "कशी चुकले विचार! सगळा वेळ त्या लांबच्या समुद्राकडे बघत बसले. आपला, दारातला, आफ्रिकेच्या बाजूने तापला होता. त्यानेच पाऊस ओढून आणला. दोन झोके आहेत गं, एक नाही! एक तिकडे खेचतो, दुसरा इकडे. पेढा घे."

त्या सोमवारी ग्रुपवर नकाशाखाली ओळ होती: मी 'बहुतेक वेळा' लिहायला विसरले. माझा अर्धा मार्क कापला आहे.

हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली असं मी म्हणणार नाही. ते हसतच राहिले. पण चुकल्याचे पेढे वाटणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

मग ओळीने वाईट पावसाळे आले. पहिल्या वर्षी बावखल गुडघाभर, दुसऱ्या वर्षी घोटाभर, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तळाला भेगा. आमच्या सोसायटीत गाड्या वाढल्या होत्या आणि जागा वाढत नव्हती. एका रविवारी कुणीतरी काठावर थोडं डेब्रिज टाकून उतार केला आणि आपली गाडी सरळ बावखलात नेऊन उभी केली. पाहता पाहता तिथे गाड्यांची रांग लागली. काय सुंदर दृश्य! आमची सुशिक्षित माणसं, तळ्याच्या पोटात गाड्या ठेवून, सावलीला म्हणून वर कापडी कव्हर घालून, निवांत ऑफिसला जात होती. बाई रोज सकाळी काठावर उभ्या राहून त्या गाड्यांकडे बघायच्या. कोपर बुडवायला पाणीच नव्हतं.

सोसायटीची सभा इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये भरली. विषय एकच, बावखल भरून पक्कं पार्किंग करायचं. आमचे चेअरमन वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. मुंबईत नोकरी, सकाळी लवकर जाणार, उशिरा येणार, सोसायटीचं काम फुकट करणार. ते नम्रपणे म्हणाले, "टीचर, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण तुम्हीच तर आम्हाला ग्रुपवर शिकवलंत, हवामान बदललंय म्हणून. हल्ली पूर्वीसारखा पाऊस राहिलेला नाही."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आता काय येणार ते. बाई उठल्या, छत्री टेकवली.

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"तीनेक वर्षं झाली ना."

"तीन वर्षं." बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "ऐका. समुद्राचा झोका असतो. तो तापतो, निवतो, परत तापतो. तापला की आपल्याकडे पाऊस बहुतेक वेळा आखडतो, निवला की बहुतेक वेळा हात सैल सोडतो. माझ्या आजोबांनी हे बावखल खणलं तेव्हाही हा झोका होता. तुमचं ते हवामान म्हणजे या झोक्यांचीच बेरीज आहे. सरासरी पाऊस, सरासरी पाऊस करता, सरासरी नावाचं वर्ष कुणी बघितलंय? मी नाही बघितलं. एक वर्ष भरून वाहतं, एक वर्ष आटतं, आणि त्या दोघांसाठी माणूस तळं खणतो. सारखाच पाऊस पडला असता तर बावखल लागलंच नसतं!"

"पण टीचर, आता ग्लोबल वॉर्मिंगमुळे..."

"हो! तेच सांगतेय! आता झोपाळा टांगलेली कडीच वर सरकतेय. अख्खा समुद्र तापतोय. म्हणजे आटेल तेव्हा जास्त आटेल, आणि पडेल तेव्हा घर शोधत येईल. आणि तुम्ही काय करताय? झोका एका टोकाला गेला, तिथेच बसून म्हणताय, आता हा इथेच राहणार, खालचं तळं बुजवून टाका!" बाईंचा आवाज चढला. "पानी परत येनार. ते आलं की त्याला बसायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही? तुमच्या गाडीत बसवनार?"

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बहुतेक वेळा." सगळे हसले. ठराव मंजूर झाला. विरोधात आम्हा दोघींचे हात. माझा हात मी इतका ताणून वर केला होता, की संध्याकाळभर खांदा दुखत होता. मला राग आला होता. खरं सांगते, आजही आहे.

भरणी टाकायला डंपर आणि जेसीबी यायचा होता त्या सकाळी बाईंनी आपली लाल प्लास्टिकची खुर्ची, एक हात मोडलेली, बावखलाच्या काठावर नेऊन ठेवली आणि छत्री उघडून बसल्या. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थांबले. गेटवर डंपर घरघरत उभा राहिला. मागून जेसीबी आला. जेसीबीवाला खाली उतरला, गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यावर गॉगल, आणि बाईंना बघून गॉगल काढून उभा राहिला. आमच्याच शाळेचा. शेवटच्या बाकावरचा. गावातलाच.

"बाई? तुम्ही? मला कुणी सांगितलंच नाही..." तो वाकून पाया पडला.

"उभा राहा नीट," बाई म्हणाल्या. "पेरूच्या किनाऱ्याला पाणी तापलं की आपल्याकडे काय होतं?"

"पाऊस आखडतो."

बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग एकदम जीभ चावली. "बहुतेक वेळा, बाई."

"आणि निवलं की?"

"चांगला पडतो. बहुतेक वेळा."

"मग हे समोर कोरडं दिसतंय, ते कायमचं आहे का?"

त्याने बावखलाकडे बघितलं. "नाही बाई."

"मग तू काय भरायला आलास?"

"ऑर्डर आहे बाई, चेअरमन साहेबांची. मी तरी काय करू?"

"भर की. नको कोण म्हणतंय? पण आधी गाळ काढ." बाई आता शांत झाल्या होत्या. "कोरड्या वर्षी बावखलाचा गाळ काढतात, ते तुला मी शिकवायला पाहिजे का? तुझा आजा याच बावखलातला गाळ डोक्यावरून वाहायचा. वाडीत टाकायचा. तो गाळ खाऊन तुमच्या केळी वाढल्या आणि केळी विकून तुझा बाप वाढला. पाणी नाही तेव्हाच तळं खोल करायचं असतं. भरलेल्या तळ्यात कोण फावडं मारतो?"

त्याने डोकं खाजवलं. मग गेटकडे वळून ओरडला, "ए, डंपर रिकामा करून आण! भरणी नंतर!" आणि जेसीबीवर चढला.

दुपारपर्यंत अर्धं बावखल खोदून झालं. तळाचा काळा, मऊ गाळ डंपरमधून बाजूच्या वाड्यांमध्ये जायला लागला. वाडीवाले स्वतःहून टोपल्या घेऊन आले. वर्षानुवर्षं कुणी गाळ काढला नव्हता, कुणाला नको असेल तो? मीसुद्धा पदर खोचून टोपली उचलली. आयुष्यभर व्याकरण शिकवलेली बाई मी, पण त्या दिवसाइतकं काम अंगाला कधी लागलं नाही. चेअरमन रजा टाकून आले होते, ते बावखलाच्या काठावर येऊन डोक्याला हात लावून उभे राहिले. "अहो, हे काय चाललंय? भरायचं ठरलं होतं ना?"

"आधी गाळ काढायला लागतो, साहेब," जेसीबीवाला वरून म्हणाला.

"मी नोटीस काढीन!"

"काढा ना," बाई म्हणाल्या. "चहा घेता का?"

चेअरमननी चहा घेतला नाही. नोटीस काढली. पण आता खड्डा इतका खोल झाला होता, की तो भरायचा तर दुप्पट भरणी लागली असती. कमिटीने विषय पुढच्या वर्षावर ढकलला. गाड्या परत रस्त्यावर गेल्या आणि सोसायटीतली माणसं बाईंशी बोलेनाशी झाली. बाईंना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. गेटवरची कोळीण तेवढी आपली पाटी उतरवून मुद्दाम काठापर्यंत यायची, खाली वाकून बघायची आणि म्हणायची, "बाय, यवरा मोटा खड्डा! आता त्या भावाला सांग, येऊन बस म्हनावं."

तुम्ही म्हणाल, मग त्या वर्षी धो धो पाऊस पडला. नाही पडला. तोही पावसाळा सुकाच गेला. एवढ्या मोठ्या खड्ड्यात तळाला हिरवं पाणी आणि त्यात दोन-चार बेडूक. ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'टीचरचा स्विमिंग पूल'. पन्नास माणसांनी हसरी तोंडं टाकली. बाईंनी त्याखाली आपला नकाशा टाकला. प्रशांतच्या मधोमध, लाल पट्ट्यात, निळ्या रंगाचं एक बोट शिरलं होतं. ओळ होती: निवायला लागला आहे.

दिवाळीनंतर बाईंची तब्येत बिघडली. छातीचं दुखणं, श्वास पुरेना. तरी दुपारी ऊन उतरलं की मी त्यांना धरून काठापर्यंत न्यायचे, त्या खुर्चीत बसायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "बाई, समजा नाहीच भरलं, तर?"

"तर खड्डा राहील," त्या म्हणाल्या. "खड्डा वाट बघू शकतो गं. बुजवलेली जमीन वाट बघत नाही. तेवढंच करायचं होतं मला. पाऊस पाडणं माझ्या हातात थोडंच आहे?"

"तुम्हाला खात्री आहे ना पण?"

बाई माझ्याकडे बघून हसल्या. काय म्हणाल्या असतील ते तुम्हाला कळलं असेल. त्यांनी एकदाही, मरतानासुद्धा, ते दोन शब्द गाळले नाहीत.

जानेवारीत बाई गेल्या. बावखलाच्या तळाला तेव्हा बेडकांपुरतंसुद्धा पाणी नव्हतं. त्यांच्या दहाव्याला चेअरमन आले, हात जोडून गेले, आणि फाटकापाशी कुणालातरी म्हणाले, "बिचाऱ्या, त्या खड्ड्यापायी गेल्या." मला तिथेच बाईंची छत्री घेऊन त्यांच्या मागे लागावंसं वाटलं. लागले नाही. दहाव्याला आलेल्या माणसामागे छत्री घेऊन लागत नाहीत. पण छत्री मात्र मी बाईंच्या भाच्याकडून मागून घेतली. खुर्ची कुणी मागितली नव्हती, ती काठावर तशीच राहिली.

आणि मग पाऊस आला. जूनमध्ये आला तो नीट सांगून-सवरून, आणि जुलैत आला तो कुणाला न विचारता. आमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यावर पाणी घुसलं, माणसं सोफे उचलून जिन्यात बसली. रस्त्यावर कमरेइतकं पाणी. आमच्या आवारातलं पाणी मात्र आपल्या वाटेने मागच्या कोपऱ्याकडे वाहत गेलं आणि बावखलात उतरलं. एक दिवस, दोन दिवस, बावखल पीत राहिलं. आमच्या कंपाउंडमध्ये पाऊल भिजण्यापलीकडे पाणी चढलं नाही. माणसं गॅलरीतून बघत होती. ज्यांनी हसरी तोंडं टाकली होती तीसुद्धा. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. सोमवारी सकाळी मी लिहिलं. मला तो लाल-निळा नकाशा शोधता येत नाही, म्हणून मी नुसते बाईंचे दोन शब्द टाकले.

उघडीप झाल्यावर मी खाली उतरले. बावखल काठोकाठ भरलेलं. पलीकडच्या नारळाच्या झावळ्या पाण्याला टेकल्या होत्या. मी इकडे तिकडे बघितलं, बाही वर केली आणि कोपर बुडवलं. गार होतं. मला रडू आलं, भरपूर आलं, आणि मी ते आवरलं नाही.

डोळे पुसत होते तेवढ्यात मागून चेअरमन आले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, काठाकडे बघितलं, मान हलवली. "मॅडम, हे धोक्याचं आहे. काठ खचेल. लहान मुलं असतात, डास होतात. कमिटीत बोलणं झालंय, पाणी उतरलं की एकदा भरूनच टाकूया." आणि मग, अगदी सरळ मनाने, काळजीने म्हणाले, "हल्ली पाऊस फारच वाढलाय हो."

मी छत्री जमिनीवर टेकवली. चष्मा वर चढवला.

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

मी बाईंची लाल खुर्ची काठाला ओढली, पुसली आणि बसले. त्यांना म्हटलं, सावकाश सांगा, मला घाई नाही. अजून त्यांनी उत्तर दिलेलं नाही, आणि मी उठलेली नाही.